इजिप्तची २०११ ची क्रांती खरंच फेसबुकने केली का? सेमिनारसाठी मदत हवी आहे

मृण्मयी_नाशिक
नमस्कार. मी एमए राज्यशास्त्र, दुसरं वर्ष. सेमिनारला मला सोशल मीडिया आणि हुकूमशाही सरकारविरुद्धची जनआंदोलनं असा विषय आलाय आणि उदाहरण म्हणून मी इजिप्त घेतलंय. घेतलं तेव्हा वाटलं सोपं जाईल, कारण जिथे बघावं तिथे एकच शब्द, फेसबुक क्रांती. २५ जानेवारी २०११ ला लोक रस्त्यावर उतरले आणि ११ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाले, ३० वर्षांची सत्ता १८ दिवसांत संपली. पण आठवडाभर वाचतेय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. तेव्हा इजिप्त साधारण ८ कोटींचा देश आणि फेसबुकवर होते ५० लाखांच्या आसपास. म्हणजे बाकीच्या साडेसात कोटींना कुणी सांगितलं? आणि दुसरं म्हणजे २८ जानेवारीच्या शुक्रवारी, ज्या दिवशी पोलिसांना पळ काढावा लागला, त्या दिवशी अख्ख्या देशाचं नेट सरकारने बंद केलं होतं, मोबाईलसुद्धा. मग नेट बंद असताना माणसं जास्त आली हे कसं काय?

मी तेव्हा आठ वर्षांची होते, त्यामुळे काहीच आठवत नाही. कुणी तेव्हा जवळून फॉलो केलं असेल, किंवा तिकडे राहिलेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. पुस्तकी व्याख्या माझ्याकडे भरपूर आहेत, मला नेमकं काय घडलं ते हवंय.

सई_अनुवादक
मृण्मयी, तुझा पहिला प्रश्न बरोबर आहे पण उत्तर शोधताना फेसबुकला एकदम उडवून लावू नकोस. २५ जानेवारीपासून सुरुवात केलीस तर काही कळणार नाही, त्याच्या सात महिने मागे जा.

६ जून २०१०, अलेक्झांड्रिया. खालिद सईद नावाचा २८ वर्षांचा मुलगा एका सायबर कॅफेत बसला होता. साध्या कपड्यातले दोन पोलीस आले, त्याला ओढून शेजारच्या इमारतीच्या दारात नेलं आणि मरेपर्यंत मारलं. पोलिसांचं म्हणणं काय, तर त्याने हशिशची पुडी गिळली आणि घशात अडकून मेला. त्याच्या भावाने शवागारात मोबाईलवर त्याच्या चेहऱ्याचा फोटो काढला आणि तो नेटवर आला. जबडा तुटलेला, दात गेलेले. पुडी गिळून असा चेहरा होत नाही हे शेंबड्या पोरालाही कळेल. त्यानंतर दुबईत गुगलमध्ये नोकरी करणाऱ्या वाएल गोनिम या इजिप्शियन तरुणाने नाव लपवून फेसबुकवर पेज काढलं, आपण सगळे खालिद सईद. त्याने लिहिलं ते शुद्ध ग्रांथिक अरबीत नाही, कैरोच्या बोलीत, आणि तेही खालिद स्वतःच बोलतोय अशा पद्धतीने, मी असं, मला असं. मी भाषांतराचं काम करते म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. विरोधी पक्षांची पत्रकं वर्षानुवर्षं निघत होती पण त्या भाषेत घरातली मुलगी वाचून रडेल असं काही नव्हतं.

आणि मग त्या पेजने जे केलं ते मला आजही विसरता येत नाही. तिकडे १९८१ पासून आणीबाणीचा कायदा, पाच माणसं एकत्र उभी राहिली तरी जमाव म्हणून उचलता यायचं. मग पेजवर ठरलं की काळे कपडे घालून समुद्रकाठच्या रस्त्यावर यायचं, दोघांमध्ये बरंच अंतर ठेवायचं, समुद्राकडे तोंड करायचं, रस्त्याकडे पाठ. घोषणा नाही, फलक नाही. कुणी कुराण वाचत उभं, कुणी बायबल. तासभर उभं राहायचं आणि घरी जायचं. पोलीस कुठल्या कलमाखाली पकडणार? काहीतरी करून त्यांनी हुसकावलंच लोकांना, पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की त्या मुलामुलींनी घरी जाऊन फोटो टाकले आणि दुसऱ्या शहरात बसलेल्या मुलीला दिसलं की अरे, माझ्यासारखेच लोक आहेत आणि ते काळे कपडे घालून बाहेर पडलेत. हुकूमशाहीत प्रत्येकाला वाटत असतं की चीड फक्त मलाच आहे आणि शेजारचा आनंदात आहे. ते वाटणं त्या पेजने मोडलं. एवढं श्रेय मी फेसबुकला देणारच, कुणी काही म्हणो.

अस्मा महफूझ या तरुण कार्यकर्तीचा व्हिडिओ पण बघ, १८ जानेवारी २०११ चा. त्याआधी त्या महिन्यात इजिप्तमध्ये चार जणांनी अंगावर पेटवून घेतलं होतं, ट्युनिशियातल्या मोहम्मद बुअझीझीसारखं. ती कॅमेऱ्यात सरळ बघते, चेहरा उघडा, स्वतःचं नाव सांगते, आणि म्हणते मी मुलगी असून २५ तारखेला एकटी कैरोतल्या तहरीर चौकात जाणार आहे, स्वतःला पुरुष समजत असाल तर माझ्या रक्षणाला तरी या. तोपर्यंत बरेच जण टोपणनावाने लिहायचे. २५ जानेवारी म्हणजे तिकडे पोलीस दिन, सरकारी सुट्टीचा दिवस, तो मुद्दाम निवडलेला.

आबा_इचलकरंजी
सईताईंनी छान लिहिलंय पण माझं थोडं वेगळं म्हणणं आहे, आणि मी सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात काढलंय त्यामुळे मी त्याच बाजूने बघणार.

इजिप्तचा कापूस म्हणजे लांब धाग्याचा, आमच्या धंद्यात त्याचं नाव पहिल्यापासून ऐकून आहे. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात महल्ला अल-कुब्रा म्हणून गाव आहे, तिथे सरकारी गिरणी, वीस-पंचवीस हजार कामगार एका आवारात. आता आकडा डोळ्यासमोर आणा. २००६ च्या मार्चमध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलं की वर्षाचा बोनस १०० पौंडांवरून दोन महिन्यांच्या पगाराएवढा करतो. डिसेंबरला पगार हातात आला तर बोनस तोच, शंभर पौंड, त्यातूनही कापून घेतलेले. कामगारांनी पगार घेतलाच नाही. ७ डिसेंबर २००६, शिलाई खात्यातल्या बायका काम सोडून बाहेर आल्या आणि पुरुष अजून साच्यावरच होते, तर त्या बायका गिरणीच्या आवारात घोषणा देत फिरल्या, बायका इथे आहेत, पुरुष कुठे आहेत! मग सगळे साचे बंद. चार दिवसांत सरकार नमलं. २००६ ला त्या बायकांकडे कुठलं फेसबुक?

६ एप्रिल २००८ ला परत संपाची हाक दिली महल्लाच्या कामगारांनी, पाव महागला होता आणि १२०० पौंड किमान वेतन मागत होते. त्या हाकेला पाठिंबा म्हणून कैरोतल्या पोरांनी फेसबुकवर ग्रुप काढला, इसरा अब्देल फत्ताह नावाच्या मुलीने, सत्तर हजार लोक जोडले गेले त्याला. त्या पोरांच्या संघटनेचं ६ एप्रिल चळवळ हे नाव तिथून आलं. म्हणजे नाव सुद्धा गिरणीच्या संपाचं आहे हे ध्यानात घ्या. प्रत्यक्ष संप पोलिसांनी आत घुसून होऊ दिला नाही पण गावात दंगल उसळली, मुबारकचा भला मोठा फलक लोकांनी खाली ओढला आणि पायाखाली तुडवला. पंधरा वर्षांचा एक पोरगा गोळीने गेला. कैरोत मात्र त्या दिवशी लोक मुख्यतः घरीच बसले होते.

आता खरी गोष्ट. महिनाभराने, ४ मे २००८, मुबारकचा ८० वा वाढदिवस. फेसबुकवाल्या पोरांनी परत हाक दिली, संप करा. कामगार त्यात नव्हते. काहीच झालं नाही, पार फसला. तोच ग्रुप, तीच पोरं, तेच हजारो सभासद. मृण्मयीबाळ, हे दोन दिवस शेजारी शेजारी ठेव तुझ्या सेमिनारमध्ये, ६ एप्रिल आणि ४ मे.

आणि शेवट पण बघ. ८ फेब्रुवारी २०११ पासून परत संप सुरू झाले, सुएझ कालव्याच्या कंपन्यांतले कामगार, कैरोचे बसवाले, टेलिफोनवाले, महल्लाची गिरणी. चौकात लोक बसलेत तोवर सरकार थांबू शकतं, पण बस आणि गिरणी बंद पडली की लष्कराचीही झोप उडते. तीन दिवसांत मुबारक गेले. माझे वडील गिरणगावात होते, १९८२ च्या संपात. तेव्हा द्वारसभेला जी गोष्ट ठरायची ती रात्रीपर्यंत चाळीचाळीत पोचायची. पोचवायला माणूस लागतो. ज्याला आपण ओळखतो, ज्याच्या घरी चहा घेतलाय, तो म्हणाला उद्या चल, तर आपण जातो.

राउटर_संतोष
मी नेटवर्किंगमध्ये आहे, नेट बंद झालं त्याबद्दल थोडं सांगतो कारण लोकांना वाटतं सरकारने कुठेतरी एक बटण दाबलं. तसं नसतं. इंटरनेटवर प्रत्येक कंपनीचे राउटर जगाला सतत सांगत असतात की हे हे पत्ते माझ्याकडे आहेत, इकडे पाठवा. २८ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर साधारण साडेबारा वाजता इजिप्तच्या कंपन्यांनी एकामागोमाग एक हे सांगणंच बंद केलं, काही मिनिटांच्या अंतराने. साडेतीन हजारांच्या आसपास मार्ग जगाच्या नकाशावरून गायब. केबल तुटलेली नाही, वीज गेलेली नाही, नुसतं मी इथे आहे हे सांगणं थांबवलं. काही मिनिटांचं ते अंतर बघून आमच्यातल्या लोकांनी तेव्हाच ओळखलं की कुणीतरी एकेका कंपनीला फोन करत होतं. एक नूर नावाची कंपनी काही दिवस चालू ठेवली होती, तिच्यावर शेअर बाजार होता. नंतर तीही बंद. २ फेब्रुवारीला सगळं परत आलं.

मधल्या काळात फ्रान्समधल्या एका छोट्या सेवादाराने जुन्या डायलअप मोडेमसाठी नंबर उघडा करून दिला, लँडलाईन चालू होत्या म्हणून. आणि गुगल-ट्विटरने एक नंबर दिला, त्यावर फोन करून बोलायचं, ते बोलणं ट्विट होऊन जगाला ऐकू यायचं. ते आवाज मी तेव्हा रात्री बसून ऐकलेत, अरबी कळत नव्हतं तरी ऐकले.

पुढे मे २०११ मध्ये कोर्टाने या बंदीबद्दल मुबारक आणि दोन माजी मंत्र्यांना मिळून ५४ कोटी इजिप्शियन पौंड दंड केला होता. २०१८ ला वरच्या कोर्टाने तो रद्द केला.

मंदार_नाईलकाठ
मी होतो तिकडे. २००९ ते २०११ कैरोत नोकरी, दोक्कीमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट, तिथून गलाआ चौक चालत दहा-बारा मिनिटं आणि पुढे कस्र अल-नील पूल ओलांडला की तहरीर. मी परदेशी माणूस, कुठल्याही मोर्चात गेलो नाही, पण गॅलरीतून जे दिसलं ते सांगतो.

२५ तारखेला ऑफिसला सुट्टी होती. माझा तिथला मित्र, त्याचं नाव नाही लिहीत, तो आदल्या दिवशी म्हणाला होता की वीसेक ठिकाणं जाहीर केलीत पेजवर, सगळीकडे पोलीस आधीच जाऊन बसणार, बघ काही होत नाही. नंतर सगळ्यांना कळलं की एक ठिकाण त्यांनी नेटवर टाकलंच नव्हतं. बुलाक अल-दकरूर म्हणून गरीब वस्ती, अरुंद गल्ल्या, तिथल्या एका मिठाईच्या दुकानापाशी थोडी पोरं जमली आणि गल्लीगल्लीतून पावाबद्दल, महागाईबद्दल घोषणा देत फिरली, राजकारणाच्या मोठ्या गोष्टी नाहीत. वस्ती मागे लागली. पोलीस जाहीर केलेल्या वीस ठिकाणी बसलेले आणि हा मोर्चा एवढा फुगून मोठ्या रस्त्याला लागला की अडवायला पुरेसे पोलीसच नव्हते. म्हणजे आबा म्हणतात ते बरोबर आणि सईताई पण बरोबर, फेसबुकवर जे टाकलं त्याने पोलिसांना गुंतवून ठेवलं आणि जे टाकलं नाही त्याने रस्ता उघडला. आणखी एक, चळवळीतली पोरं त्या आठवड्यात टॅक्सीत बसून फोनवर मुद्दाम मोठ्याने बोलायची, २५ ला असं असं आहे म्हणून, कारण कैरोतला टॅक्सीवाला दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला तीच गोष्ट सांगणार. आपल्याकडचा रिक्षावाला काय वेगळा आहे?

आता २८ तारीख. सकाळी उठलो तर नेट नाही, मोबाईलला रेंज नाही. लँडलाईन चालू होती, तिच्यावर पुण्याहून आईचा फोन आला, ती टीव्ही बघून घाबरलेली, आणि मला तिच्याकडून कळत होतं माझ्या घरापासून दीड किलोमीटरवर काय चाललंय ते! दुपारची नमाज संपली आणि माणसं यायला लागली, आधी पन्नास-शंभर, मग अख्खा रस्ता भरून. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहायच्या, पन्नाशीच्या, शिक्षिका. राजकारणाबद्दल कधी शब्द नाही. त्यांचा मुलगा सकाळी गेला होता, फोन लागत नाही, दोन वाजले, तीन वाजले. आमचा बव्वाब, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, त्याला त्या पाच वेळा विचारून गेल्या. शेवटी चप्पल घातली आणि खाली उतरल्या, मुलाला शोधायला. त्यांच्या मागे शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोघी. रात्री दहाला परत आल्या, डोळे लाल, अश्रुधुराने, मुलगा सोबत, आणि जिन्यात मला म्हणाल्या उद्या परत जाणार आहे. मृण्मयी, तू विचारलंस ना नेट बंद असताना माणसं जास्त कशी आली. मी एका बिल्डिंगचं सांगू शकतो. घरात बसून जे बघत होते त्यांना बघायला खाली उतरावं लागलं.

वरून गॅलऱ्यांतून बायका पाण्याच्या बाटल्या आणि कांदे खाली टाकत होत्या. कांदा अश्रुधुरासाठी, नाकाशी धरायचा. हे ट्युनिशियाच्या पोरांनी त्यांना नेटवर सांगितलेलं, आधीच.

त्या रात्री पोलीस सगळ्या शहरातून गायब झाले. मग प्रत्येक गल्लीने पहारा लावला, काठ्या, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, एकाकडे क्रिकेटची बॅट म्हणजे माझी. मी तीन रात्री बसलो त्यांच्याबरोबर, चहा पीत. त्या तीन रात्रींत जेवढं राजकारण बोललं गेलं तेवढं फेसबुकवर तीन वर्षांत बोललं गेलं नसेल. मग आमच्या कंपनीने जायला सांगितलं आणि एअर इंडियाच्या स्पेशल विमानाने मुंबईला आलो. मुबारक गेले ती रात्र मी पुण्यात टीव्हीवर बघितली आणि तिथे नव्हतो याचं वाईट वाटलं.

सई_अनुवादक
मंदारदादा, वाचून अंगावर काटा आला. आबा, ४ मे चा मुद्दा मला माहीत होता पण असा समोरासमोर ठेवून कधी बघितला नव्हता, तो मान्य.

कांद्यावरून आठवलं, मृण्मयी हे नक्की घे. २८ च्या आधी २६ पानांचं एक पत्रक फिरत होतं, शहाणपणाने आंदोलन कसं करायचं. त्यात चित्रं काढून दाखवलेलं, टोपीचा जाड कोट, धुरापासून गॉगल, तोंडा-नाकावर मफलर, हातात ढाल म्हणून भांड्याचं झाकण, पोलिसांच्या हेल्मेटच्या काचेवर मारायला रंगाचा स्प्रे, आणि एक गुलाबाचं फूल, शांततेने आलोय हे दाखवायला. आणि ठळक सूचना काय, तर हे फेसबुक-ट्विटरवर टाकू नका, गृहखातं बघतंय, ईमेल करा किंवा प्रिंट काढून झेरॉक्स वाटा. फेसबुक क्रांती म्हणतात त्या क्रांतीच्या पत्रकावर ही सूचना.

झेनेप तुफेकची आणि ख्रिस्तोफर विल्सन यांचा एक अभ्यास आहे, तहरीरमध्ये आलेल्या हजारेक लोकांशी बोलून केलेला. जवळपास निम्म्यांना आंदोलनाची पहिली बातमी समोरासमोर कुणीतरी बोलून कळली, पाव भागापेक्षा थोड्या जास्त लोकांना फेसबुकवरून, ट्विटरवरून एक टक्काही नाही. नमुना काही रँडम नव्हता, आणि ज्याने समोरासमोर सांगितलं त्याला कुठून कळलं हे त्यात येत नाही. म्हणून मी अजूनही म्हणते की पहिला धक्का फेसबुकवरून आला. पण नेटवरच्या व्हिडिओंना खेडोपाडी नेलं ते अल जझीरा या बातम्यांच्या चॅनेलने, सॅटेलाईट डिश तर झोपडीवर पण होती. सरकारी टीव्ही तेव्हा सांगत होता की चौकातल्या लोकांना परदेशातून केंटकीचं चिकन आणि युरो मिळतायत, आणि लोक तिथे पाव-चीज खात बसलेले.

वाएल गोनिमचं पण तेच बघ. २७ तारखेला त्याला उचललं, जवळजवळ ११ दिवस डोळ्यावर पट्टी, तोपर्यंत बहुतेकांना माहीतच नव्हतं की पेज कोण चालवतं. ७ फेब्रुवारीला सोडलं आणि त्याच रात्री एका खाजगी चॅनेलवर मुलाखत, तिथे मेलेल्या तरुणांचे फोटो दाखवल्यावर तो ओक्साबोक्शी रडला आणि उठून निघून गेला. दुसऱ्या दिवशी चौक ओसंडून वाहिला. ती मुलाखत टीव्हीवर होती.

आणि ज्याबद्दल कमी लिहिलं जातं ते असं, की नोव्हेंबर २०१० मध्ये निवडणुकीच्या तोंडावर फेसबुकनेच ते पेज बंद केलं होतं. कारण चालवणारा खऱ्या नावाने नाही, नियमाचा भंग. खरं नाव दिलं असतं तर तो तुरुंगात. शेवटी अमेरिकेत राहणाऱ्या एका बाईंनी स्वतःच्या नावावर जबाबदारी घेतली तेव्हा पेज परत आलं. ज्या कंपनीच्या नावाने क्रांती ओळखली जाते तिचा नियम हा होता. मला याचा खूप राग येतो, अजूनही.

मृण्मयी_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तर मी अख्ख्या महिन्यात गोळा केलं नसतं. आबा, ६ एप्रिल आणि ४ मे ची तुलना मी पहिल्याच भागात घेतेय.

एक विचारायचं राहिलं. सरांचा हमखास प्रश्न येणार, मग पुढे काय? कारण आज तिकडे लोकशाही नाहीये. फेसबुकने लोक जमवले पण टिकवता आले नाहीत, असं म्हणता येईल का? आणि मंदारदादा, तुमच्या मित्राशी ऑनलाईन बोलता येईल का मला, अर्धा तास, नाव न देता?

प्रथमेश_डोंबिवली
पुढचं मी सांगतो, हा भाग मी बरीच वर्षं फॉलो करतोय. मुबारक गेल्यावर सत्ता लष्कराच्या कौन्सिलकडे आणि दोन महिने झाले नाहीत तोवर मायकेल नबील नावाच्या ब्लॉगरला लष्करी कोर्टाने तीन वर्षं ठोकली, लष्करावर ब्लॉग लिहिला म्हणून. एप्रिल २०११, चौकातले तंबू उठून किती दिवस झाले होते? मग निवडणूक, मुस्लिम ब्रदरहूड या धार्मिक संघटनेचे मोर्सी राष्ट्राध्यक्ष, ३ जुलै २०१३ ला लष्करप्रमुख सीसींचा उठाव, १४ ऑगस्टला कैरोच्या राबा चौकात धरणं धरून बसलेले मोर्सींचे शेकडो समर्थक एका दिवसात मारले. ६ एप्रिलचा नेता अहमद माहेर डिसेंबर २०१३ मध्ये तुरुंगात, पुढल्या वर्षी चळवळीवरच बंदी. अला अब्देल फत्ताह, तिकडच्या जुन्या ब्लॉगरांपैकी एक, त्याचं निम्मं तारुण्य आत गेलं, सप्टेंबर २०२५ मध्ये सुटला.

माझं म्हणणं असं की सरकार पण शिकतं. ५ मार्च २०११ ला लोक कैरोतल्या स्टेट सिक्युरिटी म्हणजे गुप्त पोलिसांच्या मुख्यालयात घुसले तेव्हा कागदाचे ढीग सापडले, अर्धे कापून टाकलेले. लोकांना स्वतःच्या नावाच्या फायली मिळाल्या. फिनफिशर नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर विकायचा एका परदेशी कंपनीचा प्रस्ताव पण त्यात होता. म्हणजे तेव्हाच विचार चालू होता. २०११ ला त्यांनी अख्खं नेट बंद केलं आणि लोक खाली उतरले, मग त्यांनी ती चूक परत केली नाही. २०१८ चा कायदा बघ, ज्याचे ५००० च्या वर फॉलोअर त्याला वर्तमानपत्रासारखं धरायचं, खोटी बातमी दिली म्हणून बंद करायचं. सप्टेंबर २०१९ मध्ये मोहम्मद अली नावाचा कंत्राटदार, लष्कराची बांधकामं केलेला आणि आधीच स्पेनला गेलेला, तिथून रोज व्हिडिओ टाकायला लागला, महाल कसे बांधले वगैरे. लाखोंनी बघितले. २० सप्टेंबरला लोक आले पण. आणि मग ४००० हून जास्त लोकांना पकडलं. तेव्हा तहरीरच्या आसपास पोलीस येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून मोबाईल अनलॉक करायला लावायचे आणि फेसबुक, व्हॉट्सअॅप उघडून बघायचे. २०११ ला जे फोनमुळे एकमेकांना सापडले तेच आता फोनमुळे पोलिसांना सापडत होते.

गोनिम स्वतः २०१५ ला जाहीरपणे म्हणाला की समाज मुक्त करायला फक्त इंटरनेट पुरे असं मी म्हणायचो, ते चुकीचं होतं. त्याचं ते भाषण जरूर ऐक. तुझ्या टिकवता आले नाहीत या वाक्यावर मात्र मी थोडा अडखळतो. ८४६ माणसं गेली त्या १८ दिवसांत, सरकारच्याच चौकशी समितीचा आकडा आहे हा, किमान. रणगाडे ज्याच्याकडे त्याच्यासमोर टिकता आलं नाही म्हणून दोष त्या पोरांच्या पदरात टाकू नकोस.

आबा_इचलकरंजी
प्रथमेश बरोबर बोलला. फक्त एवढंच जोडतो, तिकडे लष्कराच्या मागे मोठी संघटना होती आणि ब्रदरहूडच्या मागे पण होती, ऐंशी वर्षं जुनी. चौकातल्या पोरांच्या मागे पेज होतं. गिरणीच्या युनियन सरकारी, नव्या उभ्या राहायच्या आधीच सगळं उरकलं. मृण्मयीबाळ, सरांनी विचारलं तर हे सांग.

मंदार_नाईलकाठ
मृण्मयी, मित्राबद्दल विचारलंस. मी त्याला विचारणार नाही, आणि का ते सांगतो म्हणजे तुला वाईट वाटणार नाही.

२०११ ला त्याच्याएवढं फेसबुकवर कुणी लिहीत नव्हतं. चौकातले फोटो, कुणाला रक्त लागतंय, कुठल्या पुलावर काय चाललंय, नेट परत आल्यावर दिवसाला चाळीस पोस्ट. २०१३ नंतर कमी झालं. २०१९ च्या त्या सप्टेंबरमध्ये त्याला दाताच्या डॉक्टरकडे मध्य कैरोत जायचं होतं, तर आदल्या रात्री त्याने बसून फोनमधलं सगळं पुसलं, आठ वर्षांचं. २८ जानेवारीचे फोटो पण. त्या शिक्षिका बाईंचा आणि त्यांच्या मुलाचा जिन्यातला एक फोटो होता, मीच काढून त्याला पाठवलेला, माझ्याकडचा फोन नंतर बिघडला म्हणून ती एकच प्रत उरली होती. तो गेला. हे त्याने मला दोन वर्षांनी सांगितलं, तो दुबईला कामाला आला होता तेव्हा, समोरासमोर बसून.

आता आम्ही व्हॉट्सअॅपवर बोलतो ते ईदला आणि दिवाळीला. तो पोरांचे फोटो पाठवतो, मी आंब्याचे. बाकी काही तो लिहीत नाही आणि मी विचारत नाही. माझ्या आठवणीतलं जे हवं ते विचार, रविवारी फोन कर, नंबर मेसेजमध्ये देतो.